संदर्भ प्रयोगशाळा उभारताना यंत्रांची यादी शेवटी का यावी (वनस्पतींच्या किडी आणि रोग)

पर्णरेषा (धागाकर्ती)

वनस्पतींच्या किडी-रोगांची ओळख पटवणारी संदर्भ प्रयोगशाळा उभारायची ठरली की पहिल्याच बैठकीत यंत्रांची यादी टेबलावर येते. रिअल-टाइम पीसीआर (डीएनएचा तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखणारं यंत्र) किती, सिक्वेन्सर (डीएनएची अक्षरं वाचणारं यंत्र) कोणता, उणे ८० अंशांचे फ्रीझर किती. ही यादी सगळ्यात शेवटी यायला हवी असं माझं ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढते आहे. निदान, वर्गीकरण, क्वारंटाइन, बियाणे अशा निरनिराळ्या बाजूंनी या कामात असलेले बरेच जण इथे आहेत. जिथे पटणार नाही तिथे अडवा. (किडी म्हणताना मी कीटक, कोळी, सूत्रकृमी, बुरशी, जिवाणू, विषाणू, विरॉइड (विषाणूहूनही साधा, नुसत्या आरएनएचा रोगकारक), फायटोप्लाझ्मा (झाडाच्या आत राहणारे, भित्तिका नसलेले जिवाणू) असे सगळेच धरते आहे.)

साधी निदान प्रयोगशाळा नमुना घेते आणि उत्तर देते. संदर्भ प्रयोगशाळेकडे नमुना पोचतो तेव्हा बहुधा कुणीतरी आधीच उत्तर दिलेलं असतं आणि त्यावर शंका असते, नाहीतर ती कीड त्या प्रदेशात पहिल्यांदाच सापडलेली असते. तिच्या अहवालावर बागा तोडल्या जातात, बंदरातला माल परत जातो, निर्यात थांबते. म्हणून तिथे वेगापेक्षा "हे उत्तर कशावरून?" या प्रश्नाला तोंड देता येणं महत्त्वाचं.

या कामाचा पाया म्हणजे १९५१ चा आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार, १९९७ मध्ये सुधारलेला. त्याखालच्या मानकांपैकी २७ क्रमांकाचं मानक निदानपद्धतींचं आहे. ते २००६ मध्ये स्वीकारलं गेलं आणि मग एकेका किडीची पद्धत त्याला जोडली गेली: २०१० मध्ये थ्रिप्स पाल्मी या फुलकिड्याची, पुढे प्लम पॉक्स विषाणू, खापरा भुंगेरा, गव्हाचा कर्नाल बंट, झायलेला हा जिवाणू. पद्धती लिहिलेल्या आहेत, कुणालाही वाचता येतात. तरी दोन प्रयोगशाळा एकाच नमुन्यावर वेगळी उत्तरं देतात, कारण कागदावरची पद्धत आपल्या माणसांच्या हातात, आपल्या रसायनांनी, आपल्याकडे येणाऱ्या पानांवर आणि बियांवर तशीच चालते हे कुणी तपासलेलंच नसतं.

युरोपीय संघाने २०१७/६२५ या नियमात संदर्भ प्रयोगशाळांची कामं लिहून ठेवली आणि २०१९ मध्ये वनस्पतींच्या किडींसाठी पाच गट केले: कीटक व कोळी, सूत्रकृमी, जिवाणू, बुरशी व ऊमायसीट (बुरशीसारखे दिसणारे जीव), आणि विषाणू-विरॉइड-फायटोप्लाझ्मा. यातले काही गट एका संस्थेकडे नाहीत, एकाहून अधिक देशांतल्या संस्था मिळून ते सांभाळतात. त्यांच्याखाली प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा. त्या नियमातली कामांची यादी वाचण्यासारखी आहे. खालच्या प्रयोगशाळांना पद्धती देणं, संदर्भ नमुने पुरवणं, सगळ्यांना तेच नमुने देऊन तुलनात्मक चाचणी घेणं, प्रशिक्षण देणं. रोजचे नमुने तपासत बसणं हा त्या यादीचा गाभा नाही.

त्यामुळे मला क्रम असा दिसतो: आधी माणसं, मग संग्रह, मग बाकीच्या प्रयोगशाळांशी लेखी ठरलेलं नातं, आणि मग इमारत व यंत्रं.

संग्रहाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तोच सगळ्यात दुर्लक्षित राहतो. चाचणी चालली हे कळायला खात्रीचा बाधित नमुना हवा. चाचणी नको तिथे चालत नाही हे कळायला त्या किडीचे जवळचे नातेवाईक हवेत, त्याच पिकावर राहणारे निरुपद्रवी जीव हवेत, निरोगी पानं हवीत. बुरशी आणि बरेचसे जिवाणू वाढवून, गोठवून सुकवून ठेवता येतात. लिंबूवर्गीय ग्रीनिंगचा जिवाणू किंवा फायटोप्लाझ्मा यांची ती सोय नाही, ते अजून शुद्ध स्वरूपात नीट वाढवता येत नाहीत. त्यांच्यासाठी बाधित झाडंच कीटकरोधक काचघरात सांभाळावी लागतात, दरवर्षी नव्या झाडांवर कलम करून. हे काम यंत्राच्या खरेदीत कुठेच बसत नाही, त्याला माळी लागतो, जागा लागते, वर्षानुवर्षांची शिस्त लागते.

तर बोला.


ओंजळभर_माती

वाचतोय. एक प्राथमिक शंका. संग्रहात जिवंत कीड ठेवायची म्हणजे जी कीड आपल्या भागात नाही तीच आणून ठेवायची. हा धोका नाही का? जिथे रोग नाही तिथे त्याचा साठा करणं मला तरी उलटं वाटतं.


पर्णरेषा

@ओंजळभर_माती, रास्त शंका आहे. जिथे जमेल तिथे जिवंत कीड आणायचीच नाही. पीसीआरला मृत जिवाणूचा डीएनए पुरतो, विषाणूसाठी गोठवून सुकवलेलं पान किंवा कृत्रिम तुकडाही चालतो. मात्र कृत्रिम डीएनए वापरायचा असेल तर त्यात खुणेचा बदल ठेवून घ्यावा, म्हणजे तो चुकून नमुन्यात मिसळला तर सिक्वेन्समध्ये लगेच ओळखू येतो. जिवंत साठा ठेवावाच लागला तर दुहेरी दार, कमी दाबाची खोली, गाळलेली हवा, बाहेर जाणारं पाणी आणि कचरा निर्जंतुक करण्याची सोय हे सगळं आधी हवं. आणि कोण काय बाहेर काढतो याची नोंदवही. ही सोय नसेल तर त्या गटाचा साठा दुसऱ्या देशाच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे राहू द्यावा आणि तिच्याशी करार करावा.


भिंगवाला

धागा आवडला. पण माणसांबद्दल एकाच शब्दात उरकलंत, त्यावर मी लिहितो.

कीटकांच्या ओळखीत अजूनही बराचसा भार बाह्यरूपावर आहे. खापरा भुंगेऱ्याचं उदाहरण घ्या. साठवलेल्या धान्यात सापडतात त्या बहुतेक वेळा अळ्या आणि त्यांच्या टाकलेल्या काती. त्याच्याच ट्रोगोडर्मा या प्रजातीतल्या बाकीच्या जाती दिसायला जवळजवळ तशाच, पण त्यांतल्या बऱ्याच क्वारंटाइनच्या दृष्टीने बिनमहत्त्वाच्या. आंतरराष्ट्रीय निदानपद्धतीत अळीच्या मुखभागाचं विच्छेदन करून, स्लाइड बनवून, वरच्या ओठाच्या आतल्या बाजूचे सूक्ष्म उंचवटे मोजायला सांगितले आहेत. खापऱ्यात ते चार, इतर जातींत सहसा सहा. ही स्लाइड बनवायला हात बसायला काही वर्षं लागतात. चार आणि सहा यांतल्या फरकावर अख्ख्या जहाजाचा निर्णय होतो.

दुसरं उदाहरण फळमाशीचं. २००३ मध्ये केनियात एक बॅक्ट्रोसेरा माशी सापडली, २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स हे नवं नाव मिळालं आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांच्या फळनिर्यातीवर त्या नावाने निर्बंध आले. मग बाह्यरूप, जनुकं, मिलनाचे प्रयोग, गंधद्रव्यं असा सगळा पुरावा जमा करून २०१५ मध्ये वर्गीकरणतज्ज्ञांनी दाखवलं की ती आणि आशियातली बॅक्ट्रोसेरा पापाये या दोन्ही जुन्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसच आहेत. जगभरच्या किडींच्या याद्या त्यानंतर बदलाव्या लागल्या. हा निकाल कोणत्याही एका यंत्रातून येणारा नव्हता. टाचणीवर टोचलेले, नीट लेबल लावलेले, जिथून पकडले ते ठिकाण लिहिलेले नमुने संग्रहालयांत होते म्हणून ते शक्य झालं.

म्हणून माझी मागणी: ज्या नमुन्याचा डीएनए काढला त्याचं शरीर फेकू नका. आता शरीर न मोडता डीएनए काढण्याच्या पद्धती आहेत, त्या वापरा आणि तोच कीटक स्लाइडवर किंवा टाचणीवर जपून ठेवा. दहा वर्षांनी नाव बदललं तर परत जाऊन पाहता आलं पाहिजे. आणि वर्गीकरणतज्ज्ञ निवृत्त व्हायच्या आत त्याच्या शेजारी शिकाऊ माणूस बसवा. पद रिकामं झाल्यावर जाहिरात काढून तो हात परत मिळत नाही.


साखळीक्रिया

@भिंगवाला, शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. पण रेणवीय बाजूला थोडा न्याय द्या. विषाणू, विरॉइड, फायटोप्लाझ्मा यांना टोचायला टाचणी नाही. :) आणि फळमाशीची अंडी किंवा पहिल्या अवस्थेतली अळी बाह्यरूपावरून जातीपर्यंत ओळखता येत नाही. तिथे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा बारकोड (जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठराविक तुकडा) हाच आधार.

मात्र पर्णरेषा यांचा मूळ मुद्दा आमच्याच बाजूने सिद्ध होतो, तो सांगते. केळीचा मररोग करणाऱ्या फ्युझेरियम बुरशीची टीआर४ ही जात ओळखायला जगभर जे प्रायमर (पीसीआरने कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरतात, ते एक्वादोरमधल्या निरोगी केळीतून मिळालेल्या फ्युझेरियमवर वापरून पाहिले. २०१९ मध्ये तो अभ्यास छापून आला. रोग न करणाऱ्या, झाडात निवांत राहणाऱ्या काही बुरशींनाही त्यातले काही प्रायमर पॉझिटिव्ह दाखवत होते. प्रायमर बनवले तेव्हा त्या बुरशी कुणाच्या संग्रहातच नव्हत्या, मग त्यांच्यावर तपासणार कसे? टीआर४ नसलेल्या देशात असा एक खोटा पॉझिटिव्ह जाहीर झाला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. प्रत्येक प्रदेशाच्या संदर्भ प्रयोगशाळेने आपल्याकडच्या निरोगी पिकांमधले जीव गोळा करून त्यावर आयात केलेली प्रत्येक चाचणी घासून पाहिली पाहिजे. छापील पद्धतीत लिहिलेली अचूकता दुसऱ्याच्या संग्रहावरची असते.

इमारतीबद्दल: यंत्रं शेवटी घ्या, पण खोल्यांचा आराखडा आधी करा. मिश्रण बनवण्याची खोली, नमुने दळून डीएनए काढण्याची खोली, मिश्रणात नमुन्याचा डीएनए घालण्याची जागा आणि पीसीआर झाल्यानंतरची खोली वेगळ्या हव्यात. माणूस आणि सामान एकाच दिशेने जावं, प्रवर्धित डीएनए असलेल्या खोलीतला अॅप्रन, पिपेट, अगदी पेनसुद्धा मागे येऊ नये. जुन्या इमारतीत एका मोठ्या हॉलला फळ्या घालून हे नंतर साधत नाही. आणि प्रत्येक फेरीत चार कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने): डीएनए काढणीचा निगेटिव्ह, काढणीचा पॉझिटिव्ह, प्रवर्धनाचा निगेटिव्ह, प्रवर्धनाचा पॉझिटिव्ह. शिवाय प्रत्येक नमुन्यात वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकाचा अंतर्गत कंट्रोल. तो आला नाही तर नमुना "निगेटिव्ह" म्हणायचा नाही, "तपासता आला नाही" असं लिहायचं. ऑलिव्ह, द्राक्ष, आंबा अशा झाडांच्या पानांत पीसीआर अडवणारी द्रव्यं भरपूर असतात, तिथे हा फरक फार मोठा.


सरासरी

मी या क्षेत्रातली नाही, संख्याशास्त्रातली आहे. एक गणित मांडते, कारण ते न समजल्यामुळे चांगल्या प्रयोगशाळांवर विनाकारण आळ येतो.

समजा एखादा रोग अजून दुर्मीळ आहे: १०,००० झाडांत १० बाधित. चाचणी उत्तम आहे, बाधितांपैकी ९९ टक्के पकडते आणि निरोगींपैकी ९९ टक्क्यांना निरोगी म्हणते. सगळी झाडं तपासली तर दहाच्या दहा बाधित जवळपास सापडतील. पण उरलेल्या ९,९९० निरोगी झाडांपैकी १ टक्का, म्हणजे सुमारे १०० झाडंही पॉझिटिव्ह येतील. हाती आलेल्या ११० पॉझिटिव्हांपैकी १०० खोटे. चाचणी वाईट नाही, रोग दुर्मीळ आहे म्हणून असं होतं.

याच ११० वर वेगळ्या तत्त्वावरची, तितकीच चांगली दुसरी चाचणी केली तर खोट्यांपैकी साधारण एक उरतो. संदर्भ प्रयोगशाळा निर्णायक ठरते ती इथे. पण दोन चाचण्या खरोखर स्वतंत्र हव्यात. पहिल्या डीएनएतच बाहेरून काही मिसळलं असेल तर त्याच डीएनएवरची दुसरी चाचणीही पॉझिटिव्हच येणार. मूळ नमुन्यापासून, शक्य असेल तर झाडापासून पुन्हा सुरुवात करायला हवी.

उलट बाजूही आहे. "सापडलं नाही" याला किती वजन द्यायचं? १ टक्का झाडं बाधित असतील तर त्यांतलं किमान एक तरी ९५ टक्के खात्रीने नमुन्यात यायला सुमारे ३०० झाडं घ्यावी लागतात. ०.१ टक्क्यासाठी ३,०००. हेही चाचणी परिपूर्ण आहे असं धरून. अहवालात फक्त "निगेटिव्ह" लिहिणं अपुरं आहे, किती नमुन्यांतून निगेटिव्ह हे लिहिलंच पाहिजे.


शंखपुष्पी

@सरासरी, ३,००० चा आकडा बियाण्याच्या लोकांना रोज भेटतो. :) त्यात एक अडचण जोडते. ३,००० बिया एकेक तपासत नाहीत, २५०-२५० चे गठ्ठे करून दळतात. म्हणजे चाचणीला २४९ निरोगी बियांच्या पिठात एका बाधित बीचा विषाणू सापडला पाहिजे. गठ्ठा मोठा केला की खर्च उतरतो आणि शोधमर्यादा निसटते. किती मोठा गठ्ठा चालेल हे प्रत्येक पीक-विषाणू जोडीसाठी कुणीतरी मोजून सांगायला हवं, आणि ते सांगणारी संस्था बियाणे कंपनीचीही नको आणि आयातदाराचीही नको.

टोमॅटोच्या ब्राऊन रुगोज विषाणूने हे सगळं उघडं पाडलं. २०१४ मध्ये इस्राएलमध्ये लक्षणं दिसली, २०१५ मध्ये जॉर्डनमधल्या टोमॅटोतून नवा विषाणू म्हणून ओळख पटली आणि काही वर्षांत तो बहुतेक खंडांवर पोचला. तो मुख्यतः बीच्या सालीवर बसतो. बीजप्रक्रिया केल्यावर विषाणू निकामी होऊ शकतो, पण त्याचा आरएनए सालीवर राहतो आणि पीसीआर पॉझिटिव्ह येतो. पाठवणारा म्हणतो माल सुरक्षित आहे, घेणारा म्हणतो अहवाल पॉझिटिव्ह आहे. दोघंही आपापल्या जागी खरे. विषाणू जिवंत आहे की नाही हे पाहायला सूचक रोपांवर चोळून डाग येतात का ते पाहावं लागतं, त्याला दिवस लागतात आणि त्याची संवेदनशीलता पीसीआरपेक्षा कमी. अशा वेळी कोणत्या निकालावर काय कारवाई हे आधी लेखी ठरलेलं नसेल तर प्रत्येक खेपेला भांडण.


बांध

मी शेतावरच्या बाजूने बोलतो. वरचं सगळं खरं असेल, पण नमुना पाठवून अहवाल येईपर्यंत कीड पुढच्या तालुक्यात गेलेली असते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत पहिल्यांदा नोंदली गेली, २०१८ मध्ये आशियात आली. तिच्या डोक्यावरचं उलटं वाय आणि शेपटीकडचे चार ठिपके बघून शिकलेला माणूस मोबाइलवर फोटो पाहूनच सांगतो. मग एवढी मोठी, महागडी, एका शहरात बसलेली प्रयोगशाळा कशाला? तोच पैसा पट्टीच्या चाचण्या, लॅम्पची पेटी (शेतावरच डीएनए तपासण्याचा झटपट संच) आणि गावोगावी प्रशिक्षित माणसं यांवर खर्च केला तर जास्त उपयोग होईल. मला तरी संदर्भ प्रयोगशाळा हा शास्त्रज्ञांच्या सोयीचा प्रकल्प वाटतो.


पर्णरेषा

@बांध, मोकळेपणाने लिहिलंत हे बरं झालं. तुमची पेटी आणि तुमची माणसं हवीतच, त्यांच्याशिवाय नमुना येणारच नाही. पण तीन प्रश्न बघा. ती पट्टी त्या भागातल्या विषाणूच्या सगळ्या प्रकारांना पकडते हे कुणी तपासलं? पुढच्या वर्षी नवा माल आला आणि त्यातल्या अँटिबॉडीचा लॉट बदलला, तर ती तशीच चालते हे कोण पाहणार? गावातल्या प्रशिक्षित माणसाने दिलेली ओळख बरोबर होती का, हे वर्षातून एकदा न सांगता पाठवलेल्या नमुन्यांनी कोण पडताळणार? ही तिन्ही कामं संदर्भ प्रयोगशाळेची. ती नसेल तर शेतावरच्या चाचण्या चुकतात आणि चुकल्याचं कुणाला कळत नाही.

पूर्ण वाढलेल्या अळीचं उदाहरण सोपं आहे. झायलेलाचं घ्या. इटलीच्या आपुलियात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या सुकणाऱ्या झाडांत तो जिवाणू सापडला. लक्षणं नसलेल्या झाडातही तो असतो, फांदीगणिक कमी-जास्त असतो, आणि पानं करपण्याची कारणं तर डझनभर. पुन्हा तो कोणत्या उपजातीचा आहे यावर कोणती पिकं धोक्यात ते ठरतं, आणि उपजात कळायला सात जनुकं वाचावी लागतात. हे मोबाइलवरच्या फोटोने होत नाही.

प्रयोगशाळा एकाच शहरात असावी असं मात्र मी म्हटलेलं नाही. युरोपातल्यासारखी गटवार वाटणी मला पटते. सूत्रकृमी जिथे चांगले आहेत तिथे सूत्रकृमी, विषाणू जिथे चांगले तिथे विषाणू. सगळं एका इमारतीत आणण्याच्या हट्टाने जी माणसं आहेत तीही विस्कळीत होतात.


बांध

अचानक पाठवलेल्या नमुन्यांचा मुद्दा पटला. आमच्याकडे पट्टीचा लॉट बदलल्यावर उत्तरं बदलल्याचा अनुभव आहे, पण कुणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं. मग हेही लिहा की खालून वर विचारण्याची वाट उघडी असली पाहिजे. नमुना पाठवणाऱ्याला चार दिवसांत फोनवर माणूस भेटला नाही तर पुढचा नमुना येणार नाही.


नियमावली

या चर्चेत सुटलेली बाजू: पहिल्यांदा सापडलेल्या किडीची घोषणा.

प्रयोगशाळा "सापडली" म्हणते तिथे तिचं काम संपतं. कीड त्या देशात आहे, नाही, आहे पण निर्मूलन चालू आहे, हे ठरवणं राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्थेचं काम आहे, त्याला आठ क्रमांकाचं वेगळं मानक आहे. हे दोन अधिकार वेगळे राहिले पाहिजेत, आणि निकाल येण्याच्या आधी, शांत दिवसांत, लेखी वेगळे केले पाहिजेत. निर्यातीचा हंगाम ऐन भरात असताना पॉझिटिव्ह आला की प्रयोगशाळेवर "पुन्हा एकदा तपासा" असा दबाव येतो. पुन्हा तपासणं योग्यच आहे, पण किती वेळा आणि कोणत्या पद्धतीने ते पुस्तिकेत आधीच लिहिलेलं असलं तर दबावाला जागा राहत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने निर्यात सांभाळणाऱ्या विभागाच्या हाताखाली असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली नोंद दुसऱ्या, शक्यतो देशाबाहेरच्या प्रयोगशाळेने पक्की करावी. कोलंबियात २०१९ मध्ये केळीचा टीआर४ सापडला तेव्हा नेदरलँड्समधूनही खात्री करून घेतली गेली आणि मग राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. त्यासाठी परदेशात नमुना पाठवण्याचे परवाने, जैविक संपत्तीबाबतच्या नागोया कराराखालची कागदपत्रं, पॅकिंगची पद्धत हे सगळं आधी तयार हवं. आणीबाणीच्या आठवड्यात परवान्याचा अर्ज भरायला बसलात तर नमुना फ्रीझरमध्येच राहतो.

आणि ही सगळी यंत्रणा किती वर्षं चालवावी लागते याचं उदाहरण: अमेरिकेत प्लम पॉक्स १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला, निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं २०१९ मध्ये. वीस वर्षं सर्वेक्षणाचे नमुने तपासत राहणं. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या निधीवर संदर्भ प्रयोगशाळा उभी करणाऱ्यांनी हे दोन आकडे समोर ठेवावेत.


साखळीक्रिया

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. सिक्वेन्सिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर ब्लास्ट हा बुरशीजन्य रोग आला. हा रोग १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा दिसला होता आणि तोवर दक्षिण अमेरिकेबाहेर पसरलेला नव्हता. शास्त्रज्ञांनी शेतातल्या बाधित पानांतूनच थेट आरएनए वाचला, माहिती लगेच सगळ्यांसाठी खुली केली, आणि काही आठवड्यांत स्पष्ट झालं की हा भाताच्या ब्लास्टमधून निघालेला नसून दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या वंशाचा आहे. ही ताकद मोठी आहे.

पण त्याला तुलना करायला विश्वासाचे सिक्वेन्स लागतात. सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स कमी नाहीत, आणि ९९ टक्के जुळलं म्हणजे नाव कळलं असं होत नाही. युरोपीय व भूमध्यसागरी वनस्पती संरक्षण संघटनेने (ईपीपीओ) ईपीपीओ-क्यू-बँक नावाचा निवडक डेटाबेस यासाठीच ठेवला आहे, त्यातल्या सिक्वेन्समागे ओळख पटलेला नमुना असतो. म्हणजे फिरून भिंगवाला यांच्या टाचणीपाशीच आलो. हे कबूल करायला मला आनंदच आहे.


तिसरी_फांदी

अप्रतिम चर्चा. आमच्या संस्थेत नेमका असा प्रस्ताव तयार होतो आहे, म्हणून थेट विचारतो: पैसा कमी आहे, सगळ्या गटांना पुरणार नाही. सुरुवात कुठून? आणि आयएसओ १७०२५ चं (चाचणी प्रयोगशाळांच्या क्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक) मानांकन पहिल्याच वर्षी घ्यावं का? वरिष्ठांचा त्यावर जोर आहे.


पर्णरेषा

@तिसरी_फांदी, मानांकन घ्या, पण पहिल्या वर्षी एकाच किडीच्या एकाच चाचणीसाठी. १७०२५ हे प्रत्येक चाचणीच्या व्याप्तीसह मिळतं, पाटीवर "मानांकित" लिहिलं म्हणजे सगळं मानांकित होत नाही. एका चाचणीसाठी कागदपत्रं, यंत्रांचं अंशांकन, प्रशिक्षणाच्या नोंदी, तक्रारींची पद्धत हे सगळं एकदा बसवलं की पुढच्या चाचण्या त्याच घडीत बसतात. वनस्पतींच्या किडींसाठी त्याची तयारी कशी करावी हे त्याच युरोपीय व भूमध्यसागरी संघटनेच्या पीएम ७/९८ या मार्गदर्शिकेत आहे: शोधमर्यादा, विशिष्टता, त्याच माणसाने पुन्हा केल्यावर येणारा निकाल, दुसऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी केल्यावर येणारा निकाल. हे मोजायला संग्रह लागतोच, म्हणून तो आधी.

किडी निवडताना यादी मोठी करू नका. ज्या तुमच्याकडे नाहीत पण शेजारी पोचल्या आहेत, ज्यांचं तुमच्या पिकांवरचं नुकसान मोठं आहे, आणि ज्या लवकर सापडल्या तर खरंच काही करता येईल, अशा आठ-दहा. तिसरी अट लोक विसरतात. वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरून बसलेल्या बुरशीचं अचूक निदान करून निर्णय बदलणार नसेल तर ते काम नेहमीच्या प्रयोगशाळांना करू द्या.

पहिल्या वर्षाचा खर्च मी असा करेन: एक वर्गीकरणतज्ज्ञ आणि त्याच्या हाताखाली दोन शिकाऊ, एक रेणवीय निदानातला अनुभवी माणूस, आणि एक गुणवत्ता अधिकारी, ज्याला निकालांवर सही करण्याचा अधिकार नाही पण निकाल थांबवण्याचा आहे. एक चांगला संशोधन-सूक्ष्मदर्शक, स्लाइड बनवण्याची पूर्ण सोय, दोन पीसीआर यंत्रं. दोन अशासाठी की एक बंद पडलं तर काम थांबू नये. सिक्वेन्सर नको, सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्या आणि निकाल वाचणारा माणूस घरात ठेवा. विजेचा पर्यायी पुरवठा आणि फ्रीझरचा अलार्म यांत काटकसर करू नका, कारण संग्रह एकदा वितळला की पुन्हा मिळत नाही. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तुलनात्मक चाचणीत पहिल्याच वर्षी भाग घ्या. निकाल कसाही आला तरी तो तुमच्या खालच्या प्रयोगशाळांना दाखवा. उद्या तुम्ही त्यांची परीक्षा घेणार आहात.


भिंगवाला

@तिसरी_फांदी, प्रस्तावात नमुन्यासोबतच्या माहितीपत्रकाचा मसुदा जोडणार असाल तर मला दाखवा. पीक, जात, झाडाचा कोणता भाग, लक्षणं कधीपासून, नेमकं ठिकाण, कुणी गोळा केलं, कशात जपलं. अळी असेल तर आधी गरम पाण्यात बुडवून मग अल्कोहोलमध्ये, थेट अल्कोहोलमध्ये टाकलेली काळी पडते आणि आखडते. डीएनएसाठी ९५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल. फॉर्मलिन अजिबात नको, त्याने पुढचे रेणवीय रस्ते बंद होतात. हे पत्रक एका पानाचंच ठेवा, पुढे-मागे भरत बसावं लागलं तर शेतावरचा माणूस अर्धं रिकामं सोडेल.


बांध

त्या पत्रकाचा मसुदा इथेच टाका, मी आमच्या गटातल्या क्षेत्र सहायकांकडून भरून घेतो. कुठे अडतात ते कळेल.


तिसरी_फांदी

मनापासून आभार सगळ्यांचे. यंत्रांची यादी परिशिष्टात हलवतो आहे, माणसं आणि संग्रह पहिल्या प्रकरणात. पत्रकाचा मसुदा याच धाग्यावर टाकतो. @नियमावली, घोषणेच्या अधिकारांबद्दलचं कलम लिहिताना तुमची मदत लागेल, व्यक्तिगत निरोप करतो.